इंद्रजाल, हस्तलाघव आणि प्रेक्षकांची दृष्टी

वात्स्यायनाच्या ‘कामसूत्रा’त चौसष्ट कलांची जी सुप्रसिद्ध यादी आहे, तिच्यात इंद्रजाल आणि हस्तलाघव या दोन कला निरनिराळ्या सांगितल्या आहेत. वरवर पाहणाऱ्यास ही द्विरुक्ती वाटण्याचा संभव आहे. कारण आज आपण दोहोंनाही ‘जादू’ या एकाच नावाने ओळखतो. परंतु प्राचीनांनी केलेला हा भेद मार्मिक आहे. जे नाही ते आहे असे भासविणे हे इंद्रजाल. त्यासाठी एखादे यंत्र, एखादा सहायक, एखादी झाकली पेटी किंवा केवळ चतुर शब्दही पुरतात, आणि त्यातील मर्म एकदा कळले की सामान्य मनुष्यही थोड्या सरावाने तो खेळ करू शकतो. हस्तलाघव म्हणजे हाताचा हलकेपणा, बोटांची सिद्धी. तेथे मर्म कळूनही काही उपयोग होत नाही. वर्षानुवर्षांच्या साधनेवाचून ते हाती येत नाही.

आता प्रश्न असा की, पाहणारे लोक या दोहोंपैकी कशावर अधिक मोहित होतात? न्यायाने पाहता ज्यात श्रम अधिक त्याला मान अधिक मिळावयास हवा. परंतु जादूच्या खेळांचा इतिहास निराळेच सांगतो. प्रेक्षकांना वाटणारे आश्चर्य कलावंताच्या श्रमाच्या प्रमाणात क्वचितच असते. हा इतिहास भारतीय गारुड्यांशी फार निकट जडलेला आहे आणि समुद्रापार आलेल्या आपल्यासारख्यांनी तो जाणून घेण्यास एक विशेष कारणही आहे. त्या कारणाचा विचार शेवटी करू.

प्रथम आपल्या वाङ्मयातील दाखले पाहू. सातव्या शतकातील श्रीहर्षाच्या ‘रत्नावली’ नाटिकेत एक ऐंद्रजालिक कौशांबीच्या उदयन राजापुढे येतो व आकाशात देवदेवता दाखवितो. पुढे अंतःपुरास आग लागल्याचा भास होतो आणि राजा स्वतः त्या आगीत धाव घेतो. ‘दशकुमारचरिता’च्या पूर्वपीठिकेतील प्रसंग याहून चमत्कारिक आहे. तेथे विद्येश्वर नावाचा ऐंद्रजालिक माळव्याच्या राजाला नाना भयंकर दृश्ये दाखवून झाल्यावर म्हणतो की, शेवट मंगल असावा, म्हणून आता एका राजकन्येचा विवाह दाखवितो. राजा ते कौतुकाने पाहतो. परंतु तो विवाह खरा असतो आणि वधू त्याचीच कन्या असते! सर्व मायावी पुरुषांनी आता निघून जावे, अशी आज्ञा होते, दृश्य विरते, आणि खरा वर वधूसह अंतःपुरात निघून जातो. खेळ पाहावयास बसलेला मनुष्य खऱ्यालाही खेळच समजतो, हे त्या कथाकाराने फार पूर्वीच ओळखले होते.

शंकराचार्यांनीही ब्रह्मसूत्रभाष्यात मायावी पुरुषाचा दृष्टांत दिला आहे. ढाल-तलवार घेऊन सूत्रावरून आकाशात चढणारा तो जो दिसतो, त्याहून भूमीवर उभा असलेला खरा मायावी निराळाच, असा त्याचा आशय आहे. आचार्यांना त्यातून वेदान्त सांगावयाचा होता. आपण मात्र एवढेच ध्यानात ठेवू की, प्रेक्षकांची दृष्टी वर आकाशाकडे लागते आणि भूमीवर उभ्या असलेल्या कलावंताकडे कोणाचेच लक्ष नसते. या दोरीची गाठ पुढे पुन्हा पडणार आहे.

राजसभेतील ऐंद्रजालिकांचे वैभव गावोगाव हिंडणाऱ्या गारुड्याच्या वाट्यास कधी आले नाही. ‘गारुडी’ हा शब्द गरुडावरून आला. सापाचे विष उतरविणारा तो गारुडी. पुढे साप, मुंगूस आणि हातचलाखीचे खेळ एकाच झोळीत आले. त्या झोळीतील सर्वांत कठीण खेळ कोणता, असे विचारले तर जाणकार वाट्या-गोळ्यांच्या खेळाकडे बोट दाखवितील. पाठीवर मूठ असलेल्या तीन लहान वाट्या आणि चिंध्यांच्या तीनचार गोळ्या, एवढेच साहित्य. गोळी या वाटीखाली ठेवलेली दिसते आणि त्या वाटीखाली निघते; तीन ठिकाणच्या गोळ्या एका ठिकाणी गोळा होतात आणि पुन्हा नाहीशा होतात. येथे यंत्र नाही, पेटी नाही. गोळी ठेवल्यासारखी करून ती बोटांच्या पेरांत दाबून धरावयाची आणि वाटी उचलण्याच्या निमिषात ती सरकवावयाची, एवढेच त्याचे रहस्य आहे. परंतु ते साधण्यास आयुष्याची पहिली दहा-वीस वर्षे खर्ची पडतात. युरोपातील जादूगार हाच खेळ मेजामागे उभा राहून करी. त्याच्या अंगात कोट असे, कोटाला खिसे असत आणि प्रेक्षक समोर असत. आपला गारुडी उघड्या जमिनीवर बसतो आणि प्रेक्षक त्याच्याभोवती कडे करून उभे असतात. अशा स्थितीत काही लपविणे किती दुर्घट असेल, याची कल्पना ज्याने हाताने प्रयत्न केला त्यालाच येईल.

आंब्याचा खेळ याच्या उलट आहे. कोय मातीत पुरून तिच्यावर फडके घालतात. थोड्या वेळाने फडके काढले की अंकुर दिसतो, मग रोप, मग फांदी आणि शेवटी फळ. निरनिराळ्या उंचीची रोपे झोळीत व फडक्यात आधीच सिद्ध ठेवलेली असतात आणि फडक्याची उचल-ठेव करताना ती बदलली जातात. हा खेळ नीट वठण्यास चातुर्य व संधी साधण्याची कला लागते, यात शंका नाही. तरी वाट्यांच्या मानाने त्याचे मर्म सोपे आहे. असे असूनही परदेशी प्रवाशांनी आपल्या प्रवासवर्णनांत भरभरून लिहिले ते आंब्याच्या झाडाविषयी आणि मुलाला टोपलीत बसवून तलवार खुपसण्याच्या खेळाविषयी. कोय आणि झाड यांतील अंतर कोणालाही कळते. म्हणून ते अंतर क्षणात तोडलेले पाहून मनुष्य थक्क होतो. एका वाटीतून दुसऱ्या वाटीत गेलेल्या चिंधीच्या गोळीने त्याचे मनोरंजन होते, पण तो घरी जाऊन ते सांगत नाही.

मग कौशल्याला मान मिळतच नाही काय? मिळतो; परंतु ते डोळ्यांना दिसावे लागते. १८१३ साली भारतीय खेळकऱ्यांचा एक संच लंडनमध्ये पॅल मॅल येथे खेळ करीत होता. विल्यम हॅझलिट या थोर इंग्रज निबंधकाराने १८२१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या एका निबंधात भारतीय खेळकऱ्याचे वर्णन केले आहे. शुभ्र वस्त्रे व मुंडासे घातलेला तो मनुष्य जमिनीवर बसून प्रथम पितळेचे दोन गोळे उडवितो आणि शेवटी चार गोळे एकाच वेळी हवेत खेळवितो. हॅझलिट म्हणतो की, दोन गोळे आपणांपैकी कोणीही उडवील, परंतु चार उडविणे जन्म घालविला तरी साधणार नाही. ते पाहून त्याला आपल्या लेखनाची लाज वाटली. कारण त्या मनुष्याच्या हातात जी निर्दोषता होती, ती आपल्या कोणत्याही कृतीत नाही, असे त्याला जाणवले. त्याच खेळातील तलवार गिळण्याचा प्रकार मात्र त्याला किळसवाणा वाटला आणि तो पोलिसांनी बंद करावा, असे त्याने लिहिले.

हॅझलिटला कौशल्य कळले, कारण त्याच्याजवळ माप होते. दोन गोळ्यांवरून चार गोळ्यांची किंमत त्याला करता आली. डोंबाऱ्याचा पोर बांबूच्या टोकावर चढतो तेव्हा आपला श्वास रोखला जातो, त्याचेही कारण हेच. उंची आणि तोल ही मापे प्रत्येकाजवळ असतात. हस्तलाघवाचे दुर्दैव असे की, तेथे मापच हाती लागत नाही. खेळ साधला तर प्रेक्षकाला हात हललेलाच दिसत नाही. आणि हात हललेला दिसला तर खेळ फसला. आपली सिद्धी लपविण्यातच ज्या कलेची पूर्णता आहे, तिला दाद कोण व कशी देणार?

हॅझलिटने वर्णिलेला कलावंत बहुधा रामो सामी हा असावा, असे अभ्यासक मानतात. ‘रामस्वामी’ हे दक्षिणेकडील नाव इंग्रजी जिभेवर असे झाले असावे. आपल्या मॉरिशसात आजही ‘रामसामी’ हे आडनाव घरोघरी ऐकू येते. रामो सामी इंग्लंडमध्येच राहिला, तेथेच त्याने संसार केला, अमेरिकेतही खेळ केले आणि एका काळी त्याचे नाव इंग्रज लेखकांच्या लेखणीवर सहज येई. १८५० साली तो मरण पावला तेव्हा त्याच्या अंत्यविधीसाठी पैसे नव्हते आणि त्याच्या पत्नीला वृत्तपत्रातून साहाय्य मागावे लागले. ज्या हातांनी एका श्रेष्ठ लेखकास स्वतःच्या लेखणीची लाज वाटावयास लावली, त्या हातांची अखेर अशी झाली.

साधा खेळही प्रेक्षकांच्या मनःस्थितीप्रमाणे केवढे रूप धारण करतो, याचे उदाहरण फ्रेंच जादूगार रोबेर-ऊदँ याच्या आत्मचरित्रात सापडते. हा मूळचा घड्याळजी. हस्तलाघवाचा त्याने एवढा अभ्यास केला होता की, चार चेंडू उडवीत असता तो पुस्तक वाचू शके. १८५६ साली फ्रेंच सरकारने त्याला अल्जीरियात पाठविले. तेथील मराबूत नावाच्या धर्मपुरुषांचा लोकांवर पगडा होता आणि फ्रेंचांची जादू त्यांच्याहून प्रबळ आहे असे टोळीप्रमुखांना दाखवून द्यावे, असा सरकारचा हेतू होता. प्रथम त्याने टोपीतून तोफेचे गोळे काढले, फुले काढली, नाणी अदृश्य करून दूरच्या पेटीत नेली. लोकांची करमणूक झाली. मग त्याने एक लहान पेटी पुढे ठेवली, एका बलदंड अरबाला बोलावले आणि सांगितले की, मी तुझी शक्ती हरण करतो. तो मनुष्य जिवाच्या आकांताने ओढू लागला, पण पेटी जागची हलेना! रंगभूमीच्या तळाशी विद्युत्चुंबक बसविलेला होता. पेटीच्या तळास लोखंड होते. त्या क्षणी जादूगाराचे हात काहीच करीत नव्हते.

हीच पेटी त्याने पॅरिसमध्येही दाखविली होती. तेथे ‘पेटी जड होते’ असे सांगितले गेले आणि लोकांनी ती गंमत मानली. अल्जीरियात ‘तुझे बळ जाते’ असे सांगितले गेले आणि लोक भयभीत झाले. चुंबक तोच होता, केवळ एका वाक्याचा फरक पडला. पुढे दुभाष्यांकरवी, हे सर्व केवळ कौशल्य आहे, यात जादूटोणा नाही, असा खुलासाही करविण्यात आला. परंतु त्या खुलाशापूर्वी राज्यकर्त्यांचे कार्य होऊन गेले होते. ज्यांच्या हाती सत्ता असते, त्यांना पुष्कळदा सोपा खेळच पुरतो.

आता त्या दोरीकडे वळू. ‘भारतीय दोरीचा खेळ’ जगभर प्रसिद्ध आहे: गारुडी दोरी आकाशात फेकतो, ती ताठ उभी राहते, मुलगा तिच्यावर चढून अदृश्य होतो. दिनांक ८ ऑगस्ट १८९० रोजी ‘शिकागो ट्रिब्यून’ या वृत्तपत्रात दोन अमेरिकन प्रवाशांनी हा खेळ भारतात पाहिला, असे वृत्त आले. त्यांतील एकाने म्हणे छायाचित्र घेतले आणि त्यात मुलगाही नव्हता व दोरीही नव्हती; यावरून गारुड्याने सर्व समुदायावर मोहिनी घातली, असा निष्कर्ष काढला होता. काही महिन्यांनी त्याच पत्राने कबूल केले की, वृत्त काल्पनिक होते. ते लिहिणारा जॉन विल्की १८९८ साली अमेरिकेच्या गुप्त सेवेचा प्रमुख झाला! परंतु कबुलीकडे कोणी लक्ष दिले नाही. खेळ पाहिल्याचे सांगणारे साक्षीदार पुढे अनेक निघाले. १९३४ साली लंडनच्या ‘मॅजिक सर्कल’ या जादूगारांच्या संस्थेने हा खेळ उघड्यावर करून दाखविणाऱ्यास पाचशे गिनींचे पारितोषिक जाहीर केले. ते कोणीही जिंकले नाही. १९९६ साली रिचर्ड वाइझमन व पीटर लॅमाँट या संशोधकांनी जुन्या साक्षी तपासल्या, तेव्हा असे दिसले की, पाहण्यात आणि सांगण्यात जितका अधिक काळ गेला तितके वर्णन अधिक अद्भुत झाले.

गारुड्याने आयुष्य वेचून सिद्ध केलेला वाट्यांचा खेळ जगाच्या स्मरणातून मागे पडला आणि त्याने कधीच न केलेल्या खेळाने त्याला कीर्ती दिली. शिवाय त्या कीर्तीत त्याच्या बोटांचे कर्तृत्व उरलेच नाही. तो कलावंत न राहता गूढ पौर्वात्य मोहिनीविद्येचा धनी ठरला.

मानसशास्त्रानेही या विषयाचा मागोवा घेतला आहे. नॉर्मन ट्रिप्लेट या अमेरिकन अभ्यासकाने १९०० साली आपला शोध प्रसिद्ध केला. त्याने शाळेतील मुलांपुढे चेंडू दोनदा वर फेकला. तिसऱ्या वेळी केवळ फेकल्यासारखे केले. सुमारे निम्म्या मुलांना चेंडू वर गेलेला आणि हवेत नाहीसा झालेला ‘दिसला’. २००६ साली गुस्टाव कून व मायकेल लँड यांनी हाच प्रयोग डोळ्यांच्या हालचाली मोजून केला. जादूगाराने न फेकलेल्या चेंडूमागे दृष्टी वर नेली तेव्हा शंभरातील ६८ जणांस भास झाला. दृष्टी हातावरच ठेवली तेव्हा केवळ ३२ जणांस. पाहणाऱ्यांचे डोळे पुष्कळदा जादूगाराच्या मुखाकडे वळत होते आणि तो जेथे पाहील तेथे त्यांचे मन धावत होते. यावरून गारुड्याची अखंड बडबड, डमरू आणि झोळीकडे टाकलेला कटाक्ष यांचे प्रयोजन कळते. त्याच्या कलेचा अर्धा भाग बोटांत असतो आणि अर्धा मुखावर.

थोर जादूगार पी. सी. सरकार यांना हे मर्म पूर्ण अवगत होते. ९ एप्रिल १९५६ रोजी लंडनच्या बीबीसी दूरचित्रवाणीवर त्यांनी चक्राकार करवतीने एका तरुणीस मधोमध कापण्याचा खेळ केला. हा खेळ १९२१ पासून इंग्लंडला परिचित होता. परंतु या वेळी कापून झाल्यावर तरुणी उठली नाही. सरकारांनी तिचे हात चोळले, मान हलविली, तिचे मुख झाकले आणि कार्यक्रम संपल्याचे जाहीर झाले. हजारो घरांत हाहाकार उडाला. बीबीसीचे दूरध्वनी अखंड खणखणू लागले. तरुणी अर्थातच सुखरूप होती. जुन्या पेटीने जे केले नसते, ते एका नकारार्थी मान हलविण्याने केले.

आता आपल्याकडे वळू. १८३४ पासून १९१० पर्यंत सुमारे साडेचार लाख भारतीय मजूर करारावर मॉरिशसला आले. मुंबई बंदरातून आलेले आपले मराठी पूर्वज त्यांत होते. त्यांना कसे आणले, याची एक कथा आपल्या बेटावर पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते: तिकडे दगड उलटला की खाली सोने सापडते, असे आरकाट्याने सांगितले आणि भोळी माणसे जहाजात चढली. ही कथा आंब्याच्या झाडासारखी आहे. एकदा ऐकली की विसरत नाही. दगड प्रत्येकाने पाहिलेले असतात आणि या भूमीत ते उचलून उचलून आपल्या वाडवडिलांनी शेतांच्या कडेला रचले.

परंतु दुसराही एक खेळ होता. त्याची कथा घरांत फारशी सांगितली जात नाही. मळ्याच्या हजेरीपुस्तकात एक दिवसाच्या गैरहजेरीबद्दल दोन दिवसांची मजुरी कापली जाई. त्याला ‘डबल कट’ म्हणत. प्रारंभीच्या करारांत पुरुषाचा पगार महिना पाच रुपये होता. त्यातून आजाराचे, अडचणीचे दिवस असे दुपटीने वजा झाल्यावर महिनाअखेर हाती काय राहिले, आणि राहिले नाही ते नेमके कोठे गेले, हे अंक न जाणणाऱ्याला कसे कळावे? जहाजावर चढविण्यास एक सोनेरी थाप पुरली; तेथे हाताची सिद्धी लागत नव्हती. पाच रुपयांतून रुपये नाहीसे करण्यास मात्र पुस्तक, लेखणी आणि सरावलेला हात लागत होता. पहिला खेळ आपल्याला पाठ आहे. दुसरा दप्तरांत राहिला.

तरीही तो अगदीच अदृश्य राहिला नाही. १८७१ साली आदोल्फ द प्लेवित्झ यांच्या साहाय्याने जुन्या मजुरांनी गव्हर्नरास अर्ज केला. त्यावर ९,४०१ सह्या व निशाण्या होत्या. पास, अटका, दंड यांच्या जाचाविषयी त्यांनी गाऱ्हाणे मांडले. त्यातून १८७२ साली शाही आयोग नेमला गेला आणि १८७५ साली त्याचा अहवाल बाहेर पडला. त्यात मळ्यांवरील मजुरीचा व कपातीचा व्यवहारही उघडा पडला. बहुतेकांना लिहिता येत नव्हते. परंतु हात कोठे हलतो, हे त्यांनी पाहिले होते आणि पाहिलेले सांगण्याचे धैर्य केले होते. आपल्या पूर्वजांना आपण नेहमी ‘फसलेले’ म्हणतो. त्या ९,४०१ जणांची आठवण ठेवली तर त्यांना ‘पाहणारे’ही म्हणावे लागेल.

उत्सवाच्या प्रसंगी मुलांसाठी जादूचे खेळ ठेवण्याची रीत आपल्याकडे आहे आणि ती चांगली आहे. टोपीतून ससा निघाला की मुलांनी अवश्य टाळ्या वाजवाव्या; अद्भुताचा आनंद हा बाळपणाचा हक्कच आहे. परंतु एखाद्या कोपऱ्यात कोणी तीन वाट्या व गोळ्या घेऊन बसला असेल, तर वडीलधाऱ्यांनी मुलांना त्याच्याजवळ घेऊन जावे आणि थोडा वेळ त्याच्या मुखाकडे न पाहता हातांकडे पाहावयास शिकवावे. बहुधा त्यांना काहीच दिसणार नाही. तेव्हा त्यांना सांगावे की, जे दिसले नाही तेच त्याने सर्वांत अधिक श्रमाने मिळविले आहे. त्याच्या फडक्यावर नाणे टाकावे ते त्यासाठी.